कॅमेरा क्रमांक चार

टोकावड्याच्या पुढे डांबर संपलं आणि
मोबाइलमधली बाई म्हणाली, मार्ग पुन्हा शोधत आहे.
ओजस हसला. कोपरीहून निघाल्यापासून पहिल्यांदा.

चार तंबू, शेकोटीचे काळे दगड, एक फळा:
इथला मासा इथेच राहील.
खाली काळू नदी, डिसेंबरातली,
खडकांवर बडबडी, डोहाशी आली की गप्प.

गळ शिकवायला लहानू हिलम.
काटा कानशीनं घासून बोथट केलेला,
माशाला इजा नको म्हणून.
हे त्यानं मालकांच्याच शब्दांत सांगितलं,
'इजा' तेवढा जपून,
पाहुण्याची काचेची बशी खाली ठेवावी तसा.
मी विचारलं, तुम्ही आधी कसे धरायचे?
'हातान्,' तो म्हणाला,
आणि बाही सारून दगडाखाली हात घालणार
तेवढ्यात मालक आले.

ओजसला तासाभरानं लागला, खडस.
ओल्या झोळीत वजन: साडेसातशे ग्रॅम.
फोटो. अजून एक, मासा जरा पुढे धर.
मग लहानूनं तो दोन्ही तळव्यांवर घेतला,
तोंड प्रवाहाकडे करून थांबला,
तान्ह्याच्या ढेकरेसाठी थांबतात तसा,
आणि सोडला.
बोटं मिटता मिटता राहिली.
ते फोटोत आलं नाही.

दुपारच्या ताटात सुरमई होती,
भिवंडीहून बर्फात आलेली.
वाढायला त्याची बायको.
मनगटात चार हिरव्या बांगड्या आणि एक प्लॅस्टिकची, पिवळी.
नाव मी विचारलं नाही, ओजसनं विचारलं.
सोमी.

रात्रभर टिटवी कुणावर तरी ओरडत होती.
झाडांना बांधलेले सहा कॅमेरे, मालक म्हणाले होते,
जे हलेल ते टिपतात.
ऐकू मात्र त्यांना काही येत नाही.

सकाळी पोह्यांबरोबर लॅपटॉप.
एक: वाळकं पान. पुन्हा तेच पान. पुन्हा.
दोन: साळिंदर, मागचं अर्धं. टाळ्या.
तीन: कालची मी, कंबरेवर हात,
बिबट्याच्या वाटेवर चप्पल शोधताना.
हसले सगळे, मीही.
चार.
पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.
करडं पाणी, करडं धुकं,
पाण्याबाहेर आलेली एक वाकलेली पाठ
आणि डोळ्याएवढी पांढरी चमक.

डोंबिवलीचं जोडपं खुर्च्या ओढत पुढे सरकलं.
काय आहे हे?
मालकांनी चष्मा कपाळावर नेला.
लहानू चहाचा ट्रे धरून उभा.
कप वाजले, अगदी थोडे.
'हूद हाये,' तो म्हणाला. 'पान्यातला. मादी हाये.'

अरे! पाणमांजर! मालक उठलेच.
वीस वर्षं मी या नदीवर येतोय, वीस वर्षं!
नोंदवही आली. तारीख, वेळ, कॅमेरा क्रमांक चार.
संख्या: एक.
वर्तन: डोहात मासेमारी.
पिल्लं असतील का रे?
'दोन हायत,' लहानू म्हणाला
आणि चहा द्यायला लागला, आधी मालकांना.

मी पोह्यांवरचं खोबरं एका कडेला करत बसले.
रंग काढून घेतला की पिवळं
असंच दिसत असणार, पांढरं.
ओजस माझ्याकडे बघत होता.
मी साखर मागितली.

निघताना ती काठावर राखेनं भांडी घासत होती,
एक मनगट पाण्यात.
ओजसनं हात हलवला.
तिनंही हलवला, दुसरा.

मुरबाड येईपर्यंत तो काही बोलला नाही.
मग खिडकीबाहेर बघतच म्हणाला,
आई, हूद मासा भाजून खातो का गं,
की तसाच?

पुढे एक ट्रक होता, कोंबड्यांनी भरलेला.
मी गिअर उतरवला.
मीठ असेल तर भाजून, म्हटलं.
पिल्लं लहान असतील तर काटे काढून.

बाईला मार्ग सापडला होता.
ती सांगत होती, सरळ जा,
सरळच जात राहा.